माणशी एक सूप जवळा

मंगळवार, ३ जानेवारी १९६१

आणि पहिला उतरला तो शिपाई नव्हेच, तो सदा पेंटर होता. केसर काहीही सांगते. ती म्हणते आधी शिपाई, मग साहेब, मग सदा. पण मी वाळत घालायच्या वलांडीवर बोंबील उलटत होते, खाडी माझ्या तोंडासमोर. होडीतून पहिला पाय काढला तो एका पायजमेवाल्या पोराने, डोक्यावर कागदाचं हे एवढं भेंडोळं, आणि पाय टाकला तो थेट पाण्यात. मागून शिपाई ओरडला, "अरे सदा, चित्र सांभाळ! तू भिजलास तरी चालेल." म्हणून तर नाव कळलं. केसरला विचारा, नाव कसं कळलं ते. तिला सांगता येणार नाही. ती तेव्हा घरात जाऊन लुगडं बदलत होती, साहेब येणार म्हणून.

केसर म्हणजे माझी शेजारीण. आम्ही दोघी एकाच वर्षी या दांडेवाडीत नवऱ्या होऊन आलो, तेव्हापासून भांडतोय.

तर पाहुणे म्हणजे अलिबागचे प्रधान साहेब, विकास गटाचे मोठे अधिकारी. आणि त्यांच्या बाजूला, सुती पातळ नेसून, खांद्याला पिशवी लावून कोण उभी? माझी नात कमळ! ग्रामसेविका झाली ना ती गेल्या वर्षी. साहेबाला ती 'सर' म्हणते आणि साहेब तिला 'कमळताई'. कालपर्यंत हिचं नाक मी पदराने पुसत होते. मला अक्षरं शिकवली तीही हिनेच, आणि ही डायरीही हिनेच दिली. म्हणाली, आजी, तू दिवसभर बोलतेस त्यातलं थोडं हिच्यात लिहीत जा, घरच्यांना तेवढाच आराम.

गावदेवीच्या देवळाच्या भिंतीवर सदाने भेंडोळं उलगडलं. त्यावर एक भाकरी काढलेली, मोठी, आणि तिचे तुकडे केलेले. लाल, हिरवा, पिवळा, एक अगदी कात्रणाएवढा निळा.

साहेब म्हणाले, "मंडळी, राज्य आता आपल्या भाषेचं झालं. मग राज्याचा पैसा कुठे खर्च होतो तेही आपल्याला कळायला हवं. हा बघा रुपया."

अंबाजी पाटील पुढेच बसले होते. आमच्या वाडीचे ते मोठे. म्हणाले, "भाकरी दिसते."

"रुपयाच आहे. समजायला सोपं जावं म्हणून भाकरी काढली."

"मग रुपयाच काढायचा. आमी रुपया वळखतो."

केसर मागून म्हणाली, "साहेब, तो हिरवा तुकडा मोठा हाय. तो कुणी खाल्ला?"

"तो शेतीचा आणि धरणांचा."

"आमच्याकडं शेती न्हाय, धरण न्हाय. म्हंजे आमचा तुकडा कोनी दुसऱ्यानंच खाल्ला की वो!"

सगळे हसले. साहेबही हसले, पण घाम पुसत. मग त्यांनी सांगितलं की सरकार दर माणशी वर्षाला इतके इतके रुपये खर्च करतं. आकडा मी विसरले. एवढं आठवतं की अंबाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "माज्या नावावर? दर साल? आनि मला कोनी बोललं पन न्हाय!"

कमळने पुष्कळ समजावलं. पण लोक भाकरीकडे बघत होते आणि भाकरी त्यांच्याकडे. शेवटी साहेब म्हणाले, "कमळताई, काहीतरी दुसरी युक्ती काढा. आम्ही सतरा तारखेला परत येतो." भरती होती म्हणून होडी देवळाच्या पायरीपर्यंत आली होती, तशीच परत गेली. साहेबांना आमची खाडी फार आवडली. म्हणाले, काय सुंदर पाणी!

माझी नातसून गोदू, चंदरची बायको, ती काही भाकरी बघायला पुढे आली नाही. आठवा लागलाय तिला. खांबाला टेकून खाडीकडे बघत होती, आणि होडीवाल्याला विचारत होती, पाणी किती वेळ राहील. थळची आहे ती. माहेरची आठवण येते पोरीला.

गुरुवार, ५ जानेवारी

गोदू पुन्हा खाडीवर जाऊन उभी. मी म्हटलं, "काय गो, आई दिसते काय तिथून?" नुसती हसली. चंदरला सांगून हिला दोन दिवस थळला धाडली पाहिजे.

परवाच्या वर्षी शिमग्यात तिचं पहिलं बाळ गेलं. ते मी फार लिहीत नाही. आमची सुईण रंगू त्याच्या आदल्या पावसाळ्यात वारली, तिच्यामागे कोणी शिकलं नाही. कळा सुरू झाल्या तेव्हा ओहोटी होती. होडी काढली, पण पुढे नुसता चिखल. जमिनीने अलिबाग म्हणजे खाडीला वळसा, अर्धा दिवस. पाणी येईपर्यंत पोरगी होडीत पडून होती. पुरे.

आज चंदरची नाव लागली. किती दिवसांनी बरी मासळी मिळाली. वाळूवर वाटे घातले तेव्हा कमळ बघत बसली होती, लहानपणी बसायची तशी. आमच्यात नावेचा आणि जाळ्याचा वाटा बाजूला काढला की बाकीचे सारखे वाटे घालतात. मग एकजण वाट्यांकडे पाठ करून उभा राहतो. दुसरा एका वाट्यावर काठी टेकतो आणि विचारतो, "ह्यो कुणाचा?" पाठमोरा उभा असतो तो नाव घेतो. नाव घेतलं की संपलं. वाटा लहान निघो, मोठा निघो, त्याचा. मागे घेत नाहीत, बदलत नाहीत. आणि ज्याने नाव घेतलं त्यानेच तो वाटा घरी पोचतोय की नाही ते बघायचं. माणूस तापाने पडलेला असला तरी त्याच्या दारात नेऊन ठेवायचा. यावरून कधी भांडण झालेलं मी तरी बघितलं नाही, आणि भांडणं मी पुष्कळ बघितलीत.

कमळ एकदम उठली. "आजी! भाकरी नकोच. वाटे घालू या. सरकारचे!"

मी म्हटलं, मग मासळी कुणाची?

"तुमचीच. सरकारकडे कुठून येते? तुमच्याकडूनच जाते. काडेपेटी घेतलीस, रॉकेल घेतलंस, त्यातून जाते. प्रत्येक बाईने आपापला एक सूप सुका जवळा घ्यायचा. एक सूप म्हणजे एका माणसामागे सरकारचा वर्षाचा खर्च. मग मी सांगेन तसे त्याचे वाटे करायचे."

एवढी हुशार पोर आमच्या घरात कशी निपजली? तिचा बाप म्हणजे माझा मुलगा, पण त्याला चपला डाव्या-उजव्या घालता येत नाहीत. हुशारी माझ्याकडूनच गेली असणार.

सोमवार, ९ जानेवारी

आज गंमत झाली. दुपारी केसर ओरडत आली, "नीराबाय, खाडीत मानूस रुतलाय!" जाऊन बघतो तर सदा पेंटर. भर ओहोटीला होडी पलीकडे सोडून चालत निघाला, आणि मध्यावर गुडघ्यापर्यंत गेला. एक चप्पल खाडीने घेतली. कमळने फळी टाकून त्याला ओढून काढला. लाजला बिचारा, पण चिखलातसुद्धा हातातली पिशवी वर धरली होती. म्हणाला, कोणत्या खात्याला किती मुठी जवळा ते मोजायला आलोय.

मग दोघं माझ्या ओसरीवर मोजत बसले. मूठ कुणाची धरायची, सदाची की कमळची, यावरून वाद. म्हणून दोन्ही मुठी शेजारी शेजारी धरून बघितल्या. मग परत बघितल्या. मी म्हटलं, "अरे, एकदा बघितलं की पुरे ना?" तर सदा म्हणतो, "आजी, सरकारी काम आहे. पुन्हा पुन्हा तपासावं लागतं." मला बरं वाटलं. सरकारात अशी चोख माणसं असतात हे ठाऊक नव्हतं.

नवीन चित्रात त्याने सूप घेतलेली एक कोळीण काढलीय. नाक अगदी आमच्या कमळसारखं आलंय. पेंटर लोकांना एकच नाक येत असेल, तेच सगळीकडे काढतात.

संध्याकाळी पाणी भरल्यावर गेला. त्याला सुक्या बोंबलाची चटणी दिली. वाटतं, चटणीसाठी परत येणार हा.

शनिवार, १४ जानेवारी

संक्रांत. केसरने तिळगूळ दिला तो दगडासारखा. गोड बोल म्हणाली, मी म्हटलं बोलेन, आधी दात शिल्लक राहू दे.

वाडीत आता एकच विषय, माणशी एक सूप. आमच्या घरात माणसं किती त्यावर लग्न ठरवल्यासारखी चर्चा झाली. मी कमळला विचारलं, पोटात आहे त्याचा वाटा धरतात का? आमच्यात पोटुशी बाई असली तर तिच्या घरी मूठभर जास्त टाकतात.

कमळ म्हणाली, "न्हाय गं आजी. जन्माला आल्यावर."

"म्हंजे आधी कायच न्हाय?"

गोदू चुलीपाशी भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. मग परत थापायला लागली. मी काही वाईट बोलले की काय? मी तर सहज विचारलं.

चंदरला थळला नेण्याचं सांगितलं तर गोदूच नको म्हणते. "मी हितंच बरी हाय, आजे." मग खाडीवर जाऊन उभी कशाला राहते?

सोमवार, १६ जानेवारी

अमावस्या. सूप सारवून ठेवलं. माझं एक आणि गोदूचं एक. जवळा निवडला, खडा नको की कचरा नको, सरकारपुढे जायचाय. केसरने निवडला नसणार, उद्या बघू.

मंगळवार, १७ जानेवारी

हात दुखेपर्यंत लिहिणार आहे आज.

दुपारी भरतीबरोबर साहेब, सदा, शिपाई सगळे आले. कमळने आम्हाला सुकवणीच्या खळ्यावर ओळीने बसवलं. प्रत्येकीपुढे चटई, चटईवर सूप, सुपात जवळा. बाप्ये मागे उभे. उलट्या घातलेल्या नावेच्या कडेला सदाने चित्र टांगलं. साहेबांनी त्या चित्रावरून वाचायचं, आम्ही वाटे करायचे.

"पहिला, शेती आणि पाटबंधारे. चार मुठी." आम्ही काढल्या. "शाळा. तीन मुठी." काढल्या. "रस्ते." "पोलीस आणि न्यायालयं." "जुन्या कर्जांचं व्याज." तिथं अंबाजी म्हणाले, "सरकार पन व्याज भरतं? मग ठीक हाय. आमालाच वाटायचं आमीच येडे."

"कचेऱ्यांचा कारभार." त्याच्या मुठी निघाल्या तशी केसर म्हणाली, "आगो बाय! ह्यो नावेच्या तांडेलाच्या वाट्यापरीस भारी!" साहेब म्हणाले, "त्यात माझाही आहे, बाई. बघा, फार नाही." आणि खरंच हसले. मला त्या क्षणी माणूस आवडला.

"बंदरं आणि मासेमारी." किती? चिमूटभर! काय कालवा झाला म्हणता. केसर उभीच राहिली. "येवढा तर आमचं मांजर खातं!" साहेबांनी हात वर केले, म्हणाले, मी वर कळवीन, नक्की कळवीन.

बाया दमल्या, बोलायला लागल्या, कोणता वाटा कोणता ते विसरायला लागल्या. तेव्हा कमळने सांगितलं, आता उजळणी करू. सदा काठी घेऊन गोदूच्या चटईपाशी आला, ती ओळीत पहिली बसली होती म्हणून. साहेब नावेकडे वळले, चित्र वाचायला. त्यांची पाठ आमच्याकडे.

सदाने एका वाट्यावर काठी टेकली आणि मोठ्याने विचारलं, "हा कशाचा? आणि कुणाचा?"

साहेब चित्रावर बघत म्हणाले, "हा आरोग्याचा. दवाखाना, डॉक्टर, नर्स. आणि कुणाचा म्हणजे काय, तुमचाच!"

अंबाजींनी टोपी नीट केली. केसरने पदर डोक्यावर घेतला. पाठ करून उभा माणूस, वाट्यावर काठी, आणि नाव घेतलं. साहेबांना कसलीच कल्पना नाही, ते पुढचं वाचायला लागले. सदानेही काठी पुढच्या वाट्यावर नेली. ते दोघे अलिबागकडचे, त्यांना काय ठाऊक.

तेवढ्यात गोदू उठली. आठव्या महिन्याची पोर, एक हात जमिनीला टेकून उठली. आरोग्याचा वाटा तिने ओंजळीत घेतला. ओंजळ कसली, बोटांच्या पेरात मावेल एवढा. मासळीची रिकामी पाटी साहेबांच्या पायापाशी ठेवली आणि त्यात टाकला.

साहेब वळून म्हणाले, "हे काय बाई?"

गोदू कधी मोठ्या माणसापुढे बोलत नाही. आज बोलली. "माजा वाटा हाय. तुमी नाव घेतलंत. येवढ्यात कायच येत न्हाय, मला ठाव हाय. म्हनून पाटीत टाकला, सगळ्यांचा मिळून तरी येल." मग माझ्याकडे बघितलं. "पानी नसलं म्हंजे नर्सबाय इकडंच असाया पायजे, आजे."

तेव्हा मला कळलं ती खाडीवर काय बघत होती. थळ नव्हे. पाणी. रोज पाणी किती आहे ते बघत होती पोरगी. आणि मी तिला आईवरून चिडवत होते.

मी उठले. गुडघे वाजले तरी उठले. माझा वाटा पाटीत. माझ्यामागून केसर. (तिच्या जवळ्यात खडे होतेच, पण आज काही बोलले नाही.) मग सगळ्या ओळीने. कुणी एका सुपाचा टाकला, कुणी घरातल्या माणसांचा धरून मूठभर जास्त. चिमूट चिमूट करत पाटी भरली, वर शीग आली, जवळा खाली सांडायला लागला.

साहेब गोंधळले. कमळ त्यांच्या कानाशी वाकून वाट्याची रीत सांगत होती. तिच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं होतं. नोकरी जायची तिची, असं मला एकदम वाटलं.

साहेब म्हणाले, "अहो, पण हे तर समजावून सांगायला केलं होतं."

अंबाजी म्हणाले, "व्हय. समजलं. म्हनूनच तर."

"एका वाडीच्या वाट्यात एक नर्स बसत नाही, पाटील."

"मग शेजारच्या वाड्यांच्या चिमट्या पन घ्या. पल्याडच्या भातवाल्या गावाच्या पन. तेंच्या बाया काय दगडाच्या हायेत?"

साहेबांनी खाली सांडलेला जवळा उचलून पाटीत टाकला. मग म्हणाले, "या बाजूला एका नर्सची जागा मंजूर आहे. झाली त्याला दोन वर्षं. खोली मिळाली नाही म्हणून ती अलिबागेतच बसून आहे."

"खोली?" केसर म्हणाली.

"खोली."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. देवळामागे वाडीची खोली आहे, जुनी जाळी आणि तुटकी वल्ही ठेवलेली. मी अंबाजींकडे बघितलं. अंबाजी म्हणाले, "जाळी माज्या घरात टाकतो. बायको वरडंल, वरडू दे."

"खोली तुम्ही द्या," साहेब म्हणाले, "बाई मी आणतो. मुक्कामाला. पुढच्या मंगळवारी." मग कमळकडे वळून म्हणाले, "कमळताई, चित्रापेक्षा हे बरं झालं." कमळचं रक्त परत आलं. माझंही.

पाणी उतरायला लागलं होतं, होडीवाला ओरडत होता. घाईघाईत गेले. पाटी होडीत चढवली, साहेब नको नको म्हणत होते. पण नाव त्यांनी घेतलं, तर पोचवायचं पण त्यांनीच. सदा मात्र चित्र विसरून गेला. एवढं मोठं चित्र माणूस विसरतो कसा?

बुधवार, १८ जानेवारी

सकाळी गोदू माझ्याजवळ येऊन बसली. भाजी निवडायला घेतली आणि निवडलीच नाही.

"आजे, पुढचा मंगळवार म्हंजे अष्टमी."

"असू दे की."

"भांगाचं पानी, चढतं थोडंच. भर दुपारी खाडी सुकी."

माझ्या हातातलं सूप मी खाली ठेवलं. साहेब दोनदा आले, दोन्ही वेळा अमावस्या-पुनवेचं उधाणाचं पाणी, देवळाच्या पायरीपर्यंत. त्यांना वाटतं आमची खाडी सदा भरलेलीच असते. काय सुंदर पाणी! ते येतील, पलीकडे उभे राहतील, चिखल बघतील, नर्सबाई म्हणेल मी यात उतरणार नाही, आणि परत जातील. अलिबागेत कागदावर लिहितील, जागा गैरसोयीची. मग पुन्हा दोन वर्षं. आणि गोदूचे दिवस शिमग्याच्या सुमारास.

"आता गो?" मी म्हटलं.

"निरोप धाडायचा." पोरगी आज्ञा करावी तशी बोलली. "पुनवेला या म्हनावं."

कमळ म्हणाली, साहेबाला दिवस बदलायला सांगणं बरं दिसत नाही. मी म्हटलं, साहेब मोठा की चंद्र? चंद्र. तर मग साहेबानेच सरकावं. हसली आणि तयार झाली. उद्या पहाटेच्या पाण्याला चंदर तिला घेऊन अलिबागला जाणार. सदाचं चित्रही परत देणार आहे म्हणे. ते मी चंदरकडे देत होते, तर कमळ म्हणाली, नको, चुरगळेल, मीच धरते.

दिवसभर वाडीने खोली रिकामी केली. जाळ्यांतून चार उंदीर आणि अंबाजींची हरवलेली एक बादली निघाली. अंबाजींची बायको ओरडलीच. केसरने भिंतीला चुना दिला, एका बाजूला जास्त एका बाजूला कमी. मी काही बोलले नाही. बोलले, पण थोडंच.

शुक्रवार, २० जानेवारी

दोघं काल रात्रीच्या पाण्याला परत आली. मी जागीच होते.

चंदर सांगतो, साहेब पहिल्यांदा चिडलेच. म्हणाले, सरकारी दौरा असा भरतीवर चालतो होय? मग कमळने शांतपणे सांगितलं की सर, आमचा सगळा जन्मच त्याच्यावर चालतो. मग साहेबांनी शिपायाला पाठवून बंदरावरून भरतीचं कोष्टक मागवलं, भिंतीच्या कॅलेंडरशी ताडून बघितलं, आणि मंगळवारावर काट मारून पुढच्या मंगळवारी खूण केली. समोर नर्सबाईलाही बोलावलं. काशी नाव तिचं. श्रीवर्धनकडची, विधवा, बोलायला थेट. तिने एवढंच विचारलं, खोलीला कडी आहे का, आणि पहिली बाई कोण. कमळने गोदूचं सांगितलं. ती म्हणाली, मग मी आले की आधी तिलाच बघेन, चहा मागाहून.

साहेबांच्या टेबलावर अजून ती पाटी आहे, असं चंदर म्हणतो. कचेरीभर वास सुटलाय. शिपाई बाहेर नेतो म्हणाला तर साहेब म्हणाले, राहू दे, वाटा पोचता होईपर्यंत राहू दे.

सदाही येणार आहे परत, चित्राचा एक कोपरा पुन्हा रंगवायचाय म्हणून. कोपऱ्याला काय झालंय मला तर दिसलं नाही. पण चोख माणूस.

मी गोदूला सगळं दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला गेले तर म्हणाली, "आजे, आयकलं." संध्याकाळी दीड भाकरी खाल्ली, वर माझ्या ताटातला बोंबील उचलला. दिवेलागणीला मी दारात उभी राहिले, म्हटलं आता जाईल खाडीवर. नाही गेली. अंथरूण घातलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. आत्ता मी हे लिहितेय तर घोरतेय. चंदर म्हणतो, लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच ऐकतोय.

विसरायला नको म्हणून मोठ्या अक्षरात लिहिते. पाहुणे यायचा दिवस मंगळवार, ३१ जानेवारी, माघी पौर्णिमा, दुपारची भरती.